पहिला बाक

फिंटन,

दादा म्हणणार नाही. ते तू मला कधी म्हणू दिलं नाहीस.

गेल्या वर्षी बाबांच्या शवपेटीपाशी मी चहाचा कप घेऊन उभी होते. मयताच्या घरातून कुणाला हाकलायचं नाही, एवढंच तू पाळलंस. निधनवार्ता रेडिओवर तीनदा वाचली गेली : "मागे एकुलता एक मुलगा फिंटन, सून आणि नात ओरला." बाबांनी माझ्या आईशी लग्न केलं नव्हतं, म्हणून मी त्यात नव्हते.

तिथेच मी तुला डीएनए तपासणीची नळी दाखवली. बापाकडची वंशरेषा पुरुषाच्याच थुंकीतून शोधता येते, म्हणून तुझी मागितली.

तू हसलास. "म्हणजे तुझ्यात बाबांचं काहीच नाही. तूच सांगतेयस, बाई!"

मग मी माझीच थुंकी पाठवली. बापजाद्यांची रेषा त्यात सापडली नाही. पण जुळलेल्या नातेवाइकांच्या यादीत ओरला सापडली. नाताळात तूच तिला तसलं पाकीट भेट दिलं होतंस.

काल तिचा फोन आला. "तू माझी आत्या निघालीस. डॅड म्हणतो, यंत्र बिघडलंय. मी म्हटलं, आणि तिचं आजोबांसारखं नाक? तेही बिघडलंय का?"

रविवारी चर्चमध्ये बाबांच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना आहे. पहिला बाक घरच्यांचा असतो. ओरला तिथे माझी जागा धरणार आहे. "डॅड सरकेल," म्हणाली. "नाहीतर मी ढकलते."

हे पत्र मी टाकणार नाही. तुला तयारीला वेळ कशाला देऊ?

आपल्या बाबांची, मायलोची मुलगी,
डिम्प्ना