बहात्तर किलोंची अट

९ जून, संध्याकाळी

नवी वही. आज दौंडच्या दवाखान्यात सगळे जमलो होतो. विश्वजीतच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझा धाकटा भाऊ, वय पन्नास, ट्रॅक्टरचं गॅरेज. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. 'डोनर' म्हटल्याबरोबर सगळे नातेवाईक चपला शोधायला लागले. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, माझी घ्या. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलाय. विश्वजीतने माझ्याकडे नीट बघितलं. मग एकटाच डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन आला. म्हणाला, आक्का, तुझं वजन चौऱ्याऐंशी, ते बहात्तर झाल्याशिवाय डॉक्टर तुझ्या टेस्टसुद्धा करणार नाहीत.

बारा किलो. महिन्याला तीन, म्हणजे चार महिने. बत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरं सरळ केली. हे काय अवघड?

११ जून

चौकशी पूर्ण. निमोणे रोडच्या एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या टँकमध्ये सकाळी सात ते आठ लेडीज बॅच. पाण्यातला व्यायाम, गुडघ्यांवर भार नाही. ट्रेनर सुफिया, वय पंचवीस. तिच्या मते पाळी गेल्यावर बायकांचं वजन हट्टी होतं. माझी जाऊन सात वर्षं झाली. म्हणजे हा प्रश्न हार्मोन्सचा आहे, भुकेचा नाही. घरी तीनदा सांगितलं. मिस्टर पेपर वाचत होते.

१४ जून

पहिला दिवस. छातीभर पाण्यात हात मारत पुढे-मागे चालायचं. पाण्यात मी हलकी आहे. फार हलकी. शेजारी वडगाव रासाईच्या दगडाबाई. वय सदुसष्ट, भीमेच्या काठावर वाढलेल्या, त्यांना हे सगळं पोरखेळ वाटतं. बाहेर आल्यावर प्रत्येकीने डबा उघडला. पहिल्याच दिवशी नाही म्हणणं बरं दिसत नाही. थालीपीठ, दोन. लोणी दगडाबाईंच्या म्हशीचं.

उद्यापासून कडक.

२२ जून

रक्ताचा रिपोर्ट आला. डी व्हिटॅमिन तळाला, बी-ट्वेल्व्हही कमी. बघा, म्हणून अंगात उत्साह नव्हता. आठवड्याला डी-थ्रीची एक पुडी, रोज दोन गोळ्या. सुफिया म्हणाली, डी-थ्री तूप-दुधाबरोबर चांगलं लागू पडतं. म्हणून बासुंदी केली. औषध म्हणूनच. पुडी एक आणि बासुंदी दोन लिटर झाली, ती टाकून कशी देणार?

६ जुलै, रविवार

वजन ८५.२. पण ओल्या ड्रेसवर केलं, त्यात दीड किलो तर पाणीच असेल. म्हणजे खरं ८३.७. सुरुवात झाली! दुपारी विश्वजीतचा फोन. दर रविवारी करतो. त्र्याऐंशी सांगितलं. शाब्बास म्हणाला. आवाज अगदी बारीक होता.

१७ जुलै

नवा प्लॅन. सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, दही. आठवड्यात तीन दिवस अन्नाला शिवले नाही आणि काटा म्हणतो ८५.९. काट्याचा सेल बदलला. ८६. जुनाच सेल परत घातला.

२४ जुलै, पहाटे साडेपाच

गजर झाला. आभाळ भरून आल्यासारखं वाटतंय. पावसात पाण्यात उतरणं धोक्याचं. सर्दी झाली तर डॉक्टर किडनी घेणार नाहीत. झोपते.

३ ऑगस्ट

दौंडला जाऊन आले. विश्वजीत अर्धा झालाय. हाताच्या शिरा फुगल्यात. दिवसभरात जेमतेम एक लिटर पाणी प्यायचं, बाटली मोजून भरून ठेवलेली. मी टँकच्या गमती सांगितल्या. हसला, मग खोकला आला म्हणून थांबला. त्याची बायको गिताबाई घरी नव्हती, पुण्याला काही कामाला गेली म्हणे. एवढ्या काडीसारख्या बाईला नवरा आजारी असताना पुण्यात कसलं काम? येताना एस.टी.त न्हावऱ्यापर्यंत रडले. न्हावऱ्याला भजी खाल्ली. रडून थकवा येतो.

उद्यापासून दोन्ही वेळ पाण्यात.

१९ ऑगस्ट

फोन आला. गिताबाईच्या टेस्ट झाल्या, जुळल्या. ती देणार. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पहिली मी बोलले होते, सगळ्यांसमोर! चार-सहा आठवडे थांबले असते तर काय बिघडलं असतं? फार दुखावले. सुफियाला सांगितलं, तिने माझा हात धरला. दगडाबाईंना सांगितलं. त्या पाणी कापत पुढे निघून गेल्या.

१२ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. दोघंही सुखरूप. दिवसभर देवापुढे बसून होते. आज खरंच काही खाल्लं नाही. लक्षातच आलं नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दौंडला गेले. विश्वजीत तोंडाला मास्क लावून पाटावर बसला. चेहऱ्यावर तजेला आलाय. गिताबाई अजून वाकून चालते, तरी तीच ताट घेऊन आली. मी ओवाळलं. ती आत गेल्यावर मला राहवलं नाही. म्हणाले, मी थोडी कमी पडले रे, नाहीतर माझीच दिली असती. बहात्तरची अट नसती तर.

तो खाली बघत म्हणाला, "आक्का, डाक्टर वजनाचं कायबी बोलले न्हवते. मी आत गेलो, उगा उभा राहिलो आन् बाहीर आलो."

मी ताटातली सुपारी सरळ करत बसले. तो बोलत राहिला.

"माझी घ्या म्हनलीस तवा तुझं डोळं दाराकडं हुतं. सगळ्यांम्होरं बोलून बसलेलीस. मागं फिरली असतीस तर जल्मभर खुपलं असतं तुला. म्हनलं, आक्काला एक कारण असू दे."

गिताबाईने जेवायला वाढलं. जेवले. काय जेवले आठवत नाही.

आता घरी बसून मागची पानं वाचली. १९ ऑगस्टला लिहिलंय, फार दुखावले. खोटं आहे. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले आणि मला हायसं वाटलं. इतकं हायसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सुरीला मी घाबरत होते, पहिल्या दिवसापासून. मी टँकमध्ये वजन उतरवायला गेलेच नव्हते.

आणि त्याला हे सगळं माहीत होतं. तरी डायलिसिसने पार गळून गेलेला असताना, घोटभर पाण्याला महाग असताना, दर रविवारी तो फोन करून विचारायचा, आक्का, किती उतरलं? आणि मी खोटा आकडा सांगितला की शाब्बास म्हणायचा.