दुमडलेला कोपरा

३ मार्च, सोमवार
डोकं भणभणतंय. आज ऑपरेशनच्या अवजारांचं एक पाकीट नमुना म्हणून उघडलं. आतली पट्टी काळी, म्हणजे ठीक. पण तिचा कोपरा आधीच दुमडलेला!
पट्टी पांढरी आत जाते. जंतू मारणाऱ्या मशीनची वाफ पुरेशी लागली तरच काळी होते. मी ती डोळ्यांनी बघते आणि मगच कोपरा दुमडते, बघितल्याची खूण म्हणून. आठ वर्षांची खोड. मग आत्ता उघडलेल्या पाकिटात माझी खूण आली कुठून? कुणीतरी माझी जुनी पट्टी आत सरकवली. वाफ लागलीच नाही! ही कात्री उद्या कुणाच्या पोटात गेली असती.

४ मार्च
अजून तीन पाकिटं तशीच. फोटो काढले. आमच्या विभागाच्या साहेबांना सांगितलं तर म्हणे, "मशीन दुरुस्त होईपर्यंत सांभाळून घ्या. गवगवा नको." म्हणजे यांना माहीत आहे! यांचंच काम आहे!
खडूस दारातच उभा होता. दुसऱ्या पाळीचा, रिटायर व्हायला आलेला, दिवसात चार शब्द बोलला तर खूप. सगळं ऐकलं त्याने. हा नक्की चुगली करणार.

६ मार्च
जिन्यात उभी राहून गैरप्रकार कळवायच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. बाई शांतपणे बोलल्या. "एरवी आधी हॉस्पिटलच्या तक्रार अधिकाऱ्याकडे द्यायची. साहेबच त्यात असतील तर थेट आमच्याकडे द्या. पोच मात्र जपून ठेवा." आणि नाव? "निनावीही घेतो. पण संरक्षण हवं तर नाव द्यावं लागेल. ते आमच्याकडे गुप्त राहतं. बदली केली, काढून टाकलं, तर महिन्याच्या आत कळवा. तक्रारीमुळे केलं नाही, हे त्यांनी सिद्ध करायचं, तुम्ही नाही."
ऐकायला बरं वाटलं. फोन ठेवला आणि जिन्यात वर-खाली कुणी नाही ना, बघून घेतलं.

७ मार्च
नवरा म्हणाला, "नाव दे. फक्त आईला सांगू नकोस, अख्ख्या गल्लीला कळेल." हसलो दोघं. मग तो महिन्याच्या खर्चाची वही काढून बसला. घर माझ्याच पगारावर चाललंय सध्या.
दिलं नाव. फोटो जोडले. पोच डाळीच्या डब्याखाली.

१२ मार्च
साहेबांनी विचारलं, "चहा घेणार का?" का विचारलं?

१५ मार्च
काही हालचाल नाही. मशीन कधी चालतं, कधी नाही. संशय आला की नवी पट्टी घालून, ती काळी होईपर्यंत पाकीट परत मशीनमध्ये. पण माझ्या सुट्टीच्या दिवशी कोण बघतं?

२० मार्च, गुरुवार
तपासणीवाले आले! मशीन सील. साहेबांना नोटीस, पण खुर्ची अजून त्यांचीच.

२१ मार्च
नोटिशीबरोबर माझे फोटोही त्यांना मिळालेत. मोठे करून बघत होते. "हा कोपरा कोण दुमडतं?" मी ट्रे पुसत राहिले.
किती मूर्ख मी! नाव गुप्त, आणि खूण फोटोत. पण ती खूण नसती तर पुरावा तरी कुठे होता?
वापरलेल्या पट्ट्या आम्ही पाचही जण नोंदीसाठी आपापल्या नावाच्या कागदी पाकिटात ठेवतो. सोमवारी साहेब ती तपासणार आहेत.

२२ मार्च, शनिवार
माझं पाकीट फाडून टाकू? मग मीच पुरावा नष्ट केला असं होईल. हेल्पलाइनच्या बाई म्हणाल्या, "कळलं तरी ते तुम्हाला हात लावू शकत नाहीत." अहो, हात न लावताही माणसाला छळता येतं!
शनिवार-रविवार ड्युटी खडूसची. किल्ली त्याच्याकडेच. आता तर सगळं त्याच्या हातात. देवा!

२४ मार्च, सोमवार
साहेबांनी पाचही पाकिटं टेबलावर उपडी केली. पाचही जणांच्या पट्ट्या, दोन वर्षांच्या, आणि एकूण एक पट्टीचा कोपरा दुमडलेला.
खडूस अंगठ्याला मलम चोळत होता. म्हणाला, "इथे सगळेच दुमडतात, साहेब."