फ्रीजपुढचा पाट

मी, वनमाला मधुकर नाबर, वय एकोणसत्तर, राहणार मुलुंड पूर्व, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. थकले आहे, पण त्याला कायद्याची हरकत नसावी.

१. राहत्या दोन खोल्या मुलगा विद्याधर व नात मीरा यांना समसमान. बांगड्या मीराला. पोस्टातल्या पैशांतून आधी घराचे वायरिंग नवे करावे, अर्थिंगसकट.

२. स्वयंपाकघरातला फ्रीज मोडून भंगारात द्यावा, कुणाच्या गळ्यात मारू नये. नऊ वर्षे तो बंद पडला आहे असे मी सांगते आणि त्यात डाळी ठेवते. तो बंद पडलेला नाही. माझ्या यजमानांनी तो जुना घेतला, तेव्हा प्लगला तीन पिना आणि आमच्या भिंतीत दोनच भोके. त्यांनी तिसरी पिन करवतीने कापली. वायरमन गुणाजी म्हणाला, "काकी, ती पिन उगाच नसते. एक दिवस स्वयंपाकघर बंद ठेवा, अर्थिंग ओढून देतो." मी म्हटले, "ऐन गणपतीत? चल, नीघ."

तेव्हापासून फ्रीज चिमटा काढायचा. शॉक असे आम्ही म्हणतच नसू. समोर लाकडी पाट ठेवला, त्यावर उभे राहून दार उघडायचे. पाहुण्यांनाही हसत सांगायचो.

३. सून शुभा एकदा म्हणाली, "आई, फ्रीजपुरत्या रबरी स्लिपर घालू का? घरातल्याच ठेवते."

"देव्हाऱ्यासमोर चपला? माझ्या घरात चालायचं नाही."

ती अनवाणीच पाटावर चढली. फार गुणाची पोर होती.

श्रावणातल्या शुक्रवारी शेजारच्या शांताबाई सवाष्ण म्हणून जेवायला होत्या. पाट कमी पडला, म्हणून फ्रीजपुढचा मीच उचलून त्यांना मांडला. शुभाने नुकतीच लादी पुसली होती. दही काढायला तिने ओल्या हाताने दार धरले. हात सुटेना. मी धावले, तर शांताबाईंनी मला मागे खेचले आणि मेन बंद केला. तोवर सगळे संपले होते.

विद्याधर ऑफिसात, मीरा चार वर्षांची. डॉक्टरांना मी सांगितले, उभ्या उभ्या कोसळली. शांताबाईंच्या पायावर डोके ठेवून, शपथ घालून त्यांना गप्प केले. शुभाचे हृदय बंद पडले, असे ठरले.

४. त्याचे भोग मीरा भोगते आहे. आईचे हृदय नाजूक होते, म्हणून हिने पळायचे नाही, जिना हळू चढायचा, पीटीच्या तासाला बाकावर बसायचे. विद्याधर दर सहा महिन्यांनी तिचा कार्डिओग्राम काढतो. तो नीट आला तरी त्याला चैन नाही. काल पोरीने विचारले, "आजी, मी कितव्या वर्षी जाणार गं?" मेले मी तिथेच!

मीरा, तुझे हृदय धडधाकट आहे. तुझ्या आईचेही होते.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात. म्हणून गुणाजीची माफी तेवढी मागते. शांताबाईंना घातलेली शपथ सोडवते. यापुढे स्वयंपाकघरात सर्वांनी रबरी स्लिपर घालाव्यात. देवाला काय बोलायचे ते मला बोलेल.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. पण मेलं मला मरण लवकर येईलसे दिसत नाही, आणि येत्या शनिवारी मीराच्या शाळेत शर्यती आहेत. तेव्हा आज विद्याधर घरी आला की हा कागद मीच त्याच्या हातात देणार. त्यानंतर त्याने मला आई म्हटले नाही, तरी कलम एक बदलणार नाही.

मुलुंड पूर्व, बुधवार, ७ डिसेंबर १९८८
सही: वनमाला मधुकर नाबर

बाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली:
१. शांताबाई सीताराम परळकर, शेजारी
२. गुणाजी धोंडू मेस्त्री, वायरमन, कांजूरमार्ग