आठव्या ओळीतला आवाज

४ तारीख, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक खोकं आणि वयाची एकोणचाळीस वर्षं, एवढंच सामान. खोली वरच्या मजल्यावर आहे. पूर्वेला खिडकी, खिडकीशी टेबल, कोपऱ्यात ओटा आणि मधोमध एक आरामखुर्ची. खुर्चीत बसलं की उठावंसंच वाटत नाही. खाली घरमालकीणबाई राहतात. शाळांचे गणवेश शिवतात. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, म्हणून मीही पहिल्याच तासात मावशी म्हणायला लागले. त्या दिवसभर बोलतात. माणूस नसेल तर शिलाई मशीनशी, मशीन बंद असेल तर कात्रीशी. सुईत दोरा जाईना तेव्हा त्यांनी सुईला जे काही सुनावलं, ते ऐकून मी जिन्यात बसून हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

आई गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. इथे निदान बोलणं ऐकायला तरी मिळेल.

५ तारीख, मंगळवार

इस्पितळातला पहिला दिवस. कान-नाक-घसा विभागाच्या मागे माझी खोली. तिच्यात आणखी एक छोटी खोली, जाड गादीच्या भिंतींची. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. काचेपलीकडून मी कागदावर खुणा करते. आज अकरा जण झाले. माझ्याशी कुणी सहा वाक्यांपेक्षा जास्त बोललं नाही, त्यातली तीन "काय म्हणालात?" अशी. डॉक्टर चांगले आहेत, पण घाईत असतात. डबा एकटीनेच खाल्ला.

७ तारीख, गुरुवार

टेबलाच्या खणात एक टॅब सापडला. मावशींना दाखवला तर म्हणाल्या, आधीच्या भाडेकरूचा, त्याचं मागेपुढे कुणी नाही, तूच वापर. तो गाणं शिकवायचा म्हणे.

टॅबवर एकच अ‍ॅप आहे, संगीत करायचं. मला सारेगम येत नाही, पण हे कुणालाही जमेल असं आहे. आठ आडव्या ओळी, प्रत्येकीत सोळा चौकटी. ओळीच्या सुरुवातीला लाल ठिपका. तो दाबून धरला की समोरचा आवाज त्या ओळीत भरला जातो. मग हव्या त्या चौकटींवर बोट ठेवायचं, त्या उजळतात. चालू केलं की उजेडाची एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकते, आणि उजळलेल्या चौकटीवर आली की तो आवाज वाजतो. सोळा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या ओळी कोऱ्या होत्या.

मी पहिल्या ओळीत ओट्याच्या नळाची टिपटिप भरली. दुसरीत चमचा कपावर. तिसरीत खिडकीची खिट्टी. चौकटी भरता भरता संध्याकाळ कधी सरली कळलंच नाही. आणि खरं सांगते, छान वाजलं! खोलीत माझ्याखेरीज कुणीतरी आहे असं वाटलं.

१० तारीख, रविवार

सुट्टी. सकाळपासून तेच. सात ओळी भरल्या. झाडू, पुस्तकाची पानं, माझ्या चपला, दाराची कडी. धाकट्या बहिणीचा फोन आला, तिला वाजवून दाखवलं. म्हणाली, ताई, तू एकटी राहून राहून वेडी होणार आहेस. हसत म्हणाली. मुलं हाका मारत होती म्हणून लगेच ठेवलाही.

आठवी ओळ संध्याकाळी भरली. मावशी रोज साडेसातला जिन्याच्या तळाशी येऊन विचारतात, "जेवलीस का गं?" आज मी दारात टॅब धरून उभीच होते. तीन तुकडे केले. जेव, लीस, कागं. सोळा चौकटींत चारदा बसतात. डोळे मिटून ऐकत राहिले. दर दोन सेकंदांनी कुणीतरी मला जेवलीस का विचारतंय. रडू आलं, पण चांगलं रडू.

११ तारीख, सोमवार

मावशींचा आवाज बसलाय. बसलाय म्हणजे, घोगराही नाही, काहीच नाही. ओठ हलतात आणि हवासुद्धा वाजत नाही. त्यांनी गणवेशाच्या कापडावर खडूने लिहून दाखवलं : सकाळपासून असंच आहे, घसा दुखत नाही. मीच त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. सगळं ठणठणीत, म्हणाले. थंडी बाधली असेल, चार दिवस गप्प बसा. गप्प बसा म्हटल्यावर मावशींनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की एरवी मी पोट धरून हसले असते.

१२ तारीख, मंगळवार

हात धुताना लक्षात आलं. नळाची टिपटिप ऐकू येत नाही. थेंब पडतोय. भांड्यात पडतोय, पाणी उडतंय. आवाज नाही.

चमचा कपावर मारला. जोरात मारला. कपाचा टवका उडाला. आवाज नाही.

माझे कान गेले असावेत असं आधी वाटलं. पण खालच्या मशीनची घरघर स्वच्छ येत होती.

१३ तारीख, बुधवार

इस्पितळातलं आवाज मोजायचं यंत्र पिशवीत घालून घरी आणलं. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काही उचललं. झाडू मारला, खिट्टी आपटली, चपला घालून खोलीभर नाचले. काटा हलला नाही. टाळी वाजवली तर उडी मारून वर गेला.

मी भरलेले आवाज तेवढेच गेले आहेत. ते सात. आणि आठवा.

१४ तारीख, गुरुवार

ओळ पुसता येत नाही. पुसायचं बटण आहे, पण ते करडं पडलंय, दाबलं जात नाही. मग पहिल्या ओळीचा लाल ठिपका दाबून न्हाणीघरातला नळ भरला. त्याच क्षणी ओट्याकडून टप्प असा आवाज आला. आनंदाने ओरडले. नवा भरला की जुना सुटतो! न्हाणीघरातला नळ गेला तर गेला.

धावत आठवी ओळ धरली. चमच्यावर चमचा मारला. अ‍ॅपने घेतला नाही. शिटी मारली, नाही. दार आपटलं, नाही. शेवटी रस्त्यावरच्या कुत्र्याचं भुंकणं समोर धरलं. तेही नाही. जुनाच आवाज वाजत राहिला. जेवलीस कागं, जेवलीस कागं.

नळाच्या जागी नळ चालला. आवाजाच्या जागी आवाजच हवा. माणसाचा.

१६ तारीख, शनिवार

दोन दिवस विचार केला. केला म्हणजे टाळला.

आज खाली गेले. मावशी मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन बंद होतं. त्या कात्रीकडे बघत होत्या आणि ओठ हलत होते. त्यांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, हसल्या नाहीत. खडू घेऊन लिहिलं : आधीचा भाडेकरू, तो पण शेवटी बोलायचा नाही. त्याच्या पावलांचाही आवाज यायचा नाही. मग लिहिलं : त्याच आरामखुर्चीत गेला. मांडीवर टॅब होता. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं.

मग कपडे दाबायची इस्त्री उचलली आणि टॅबकडे हात पुढे केला. मी दिला नाही. त्यात त्यांचा आवाज होता.

वर येऊन दार लावलं. आठव्या ओळीचा लाल ठिपका दाबला आणि म्हणाले, मी आहे.

खालून लगेच मावशींची किंकाळी आली. मग रडणं. मग माझ्या नावाने शिव्या, अखंड, अर्धा तास. इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर काहीच आलं नाही.

१८ तारीख, सोमवार

पाट्या करून नेल्या. "बसा." "आवाज आला की बटण दाबा." "झालं." पेशंट मलाच बहिरी समजले आणि माझ्या तोंडाशी येऊन ओरडले. डॉक्टर म्हणाले, सध्या साथच दिसतेय.

१९ तारीख, मंगळवार

बहिणीचा फोन. हॅलो, हॅलो, ताई? मी श्वास सोडत राहिले. रागावलीस का, म्हणाली. मग आईच्या आजारपणात येता आलं नाही याबद्दल बोलली. तीन वर्षांत पहिल्यांदाच बोलली. रडली. मला एवढंच म्हणायचं होतं की अगं, मी रागावलेली नाही. तिने वाट पाहिली आणि फोन ठेवला. नंतर लिहून पाठवलं मी. तिने अजून वाचलेलं नाही.

२१ तारीख, गुरुवार

मावशी रोज वर येऊन भांडतात. म्हणतात, पोरी, माझं बोलून झालंय, पासष्ट वर्षं बोलले, माझा पुन्हा घे आणि तुझा सोडव. मी नकारार्थी मान हलवते. आज हिसकाहिसकी झाली. टॅब फुटला तर माझा आवाज कायमचा जाईल म्हणून मी तो छातीशी धरून बसले. त्या दमून माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. खूप वेळ. माझे केस विंचरून दिले.

त्या गेल्यावर आठवी ओळ लावली. मी आहे. मी आहे. मी आहे. माझाच आवाज, पण तो मला काही सांगत नाहीये. कुणाला तरी बोलावतोय.

२३ तारीख, शनिवार

टॅब खणात ठेवून कुलूप लावते. कामावरून येते तेव्हा खुर्चीत असतो.

२४ तारीख, रविवार, दुपार

आवाज परत आला!

सकाळपासून वीज नाही. जेवून खुर्चीत बसले, डोळा लागला. शिंक येऊन जाग आली, आणि शिंक वाजली! अगं बाई म्हटलं तर तेही वाजलं. मोठ्याने हसले. बहिणीला फोन लावतेच. आधी हे लिहिते. टॅब छातीवर होता. खणात ठेवला होता तो. कसा

दोन पन्नास

आठव्या ओळीत आता "मी आहे" नाही. दुसरंच काही भरलंय. मी भरलेलं नाही. झोपेत —

मऊ आवाज आहे. ढप्‌ढप्. ढप्‌ढप्. जोडीजोडीने चौकटी उजळल्यात.

मनगट चाचपलं. मान चाचपली. काही लागत नाही. छातीवर तळहात ठेवला. काहीच —

तीन वाजून पाच

अ‍ॅप थांबवून पाहिलं. एकदाच. डोळ्यांपुढे काळोख. पडता पडता बोट पुन्हा बटणावर पडलं म्हणून —

टॅबमध्ये सहा टक्के उरलेत. वीज नाही.

तीन पंधरा

चार टक्के. पाय उचलत नाहीत.

लाल ठिपका आपोआप लागलाय. आठव्या ओळीचा. विझवते, पुन्हा लागतो. ऐकत बसलाय. त्याला माझ्या ठोक्यांच्या जागी तसंच दुसरं हवंय. तसंच. जिवंत —

मावशी खालून विचारतायत, आवाज आला का गं तुझा? हसणं ऐकलं त्यांनी. आनंदाने ओरडतायत.

मी ओरडले, वर येऊ नका. आठ दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज ऐकल्यावर त्या थांबतील कशा. येतायत.

जिना चढतायत. लाल ठिपका पावलागणिक मोठा होतोय.

कडी लावायला उठता येत नाही.

मावशी, हे तुमच्यासाठी लिहिते. टॅबला हात लावू नका. चिमट्याने उचला, पाण्यात टाका. जवळ घेऊ नका. मलाही जवळ घेऊ नका, मी थांबेपर्यंत. डावा हात बटणावर ठेवलाय. तुम्ही आत यायच्या आधी मीच बंद करते. बहिणीला सांगा, रागावलेली नव्हते. आणि मला इथे कुणी नव्हतं असं मनात आणू नका, तुम्ही होतात, तुम्ही रोज —

दाराला हात लागला. दाबते. मावशी, तुमचा यात काहीही दो