बसून की फिरून?

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेला माझा जुना कॉम्प्युटर! नकाशातला जिना अर्धा काढून झाला होता आणि पडदा काळाठिक्कर. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आता नका याच्या मागे लागू. खूप केलं यानं तुमच्यासाठी." जणू घरातलं माणूसच गेलं!

मी घरबसल्या ज्यांच्यासाठी घरांचे नकाशे काढते, त्या इंजिनिअरसाहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली. आता नवा घ्यायचा. लॅपटॉप की डेस्कटॉप? त्यात काय एवढं — संध्याकाळपर्यंत ठरवते.

४ फेब्रुवारी

नाही ठरलं.

६ फेब्रुवारी

नवऱ्याचा फोन. बदली झाल्यापासून तिकडे एकटाच राहतो, सुट्टीला येतो. "लॅपटॉपच घे गं. उचलला की निघालीस! अर्धा महिना इकडे, अर्धा तिकडे." पटलं.

फोन ठेवते तोच स्वयंपाकघरातून सासूबाई — "ते मांडीवरचं खेळणं घेऊ नकोस. मान बघ तुझी, बगळ्यासारखी झालीय. नीट टेबल घे, खुर्ची घे, मोठा पडदा घे."

तेही पटलं! मला सगळ्यांचंच पटतं, हीच तर पंचाईत.

८ फेब्रुवारी

दुकानात जाऊन आले. दुकानदार सज्जन, पण डोक्याचा पार भुगा केला. लॅपटॉपवर नकाशे चालतील, पण तापेल. डेस्कटॉप खोलून पुढेमागे हवं ते बदलता येईल, पण तो जागचा हलणार नाही.

"मग तुम्ही काय घ्याल?" मी विचारलं.

"माझं सोडा. तुम्ही बसून काम करणार की फिरून?"

साधा प्रश्न! पाणी प्यायले आणि परत आले.

१० फेब्रुवारी

शेजारणीचा लॅपटॉप दोन दिवस मागून आणला. जेवणाच्या टेबलावर बसले — "जरा सरक गं, भाजी निवडायचीय." पलंगावर बसले — चादर बदलायची होती. गॅलरीत गेले तर उन्हात काही दिसेना. पण पाय पसरून, वारा खात काम करायला मजा आली, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी साहेबांचा फोन. "बाई, ही भिंत आहे की पुठ्ठा?" जाडी चुकली होती.

१२ फेब्रुवारी

भांडी लावताना एकदम लक्षात आलं — मी यंत्र निवडतच नाहीये. लॅपटॉप म्हणजे नवऱ्याकडे जाणं. डेस्कटॉप म्हणजे इथे राहणं. मागच्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, तेव्हा मी घरात होते म्हणून बरं. मी नसते तर?

त्यांना विचारलं, "आई, मी अधूनमधून तिकडे गेले तर चालेल?"

"मला काय धाड भरलीय? खुशाल जा." आणि लगेच टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे हो की नाही? देव जाणे.

१५ फेब्रुवारी

डेस्कटॉप घेतला. नवऱ्याला सांगितलं — आईंना एकटं सोडवत नाही. तो नुसतं "हं" म्हणाला. तो "हं" दिवसभर कानात अडकलाय. चुकले का?

१८ फेब्रुवारी

पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल लागलं. कोणी "सरक" म्हणालं नाही. जिना पुन्हा पहिल्यापासून काढला, एका बैठकीत! मान दुखली नाही. नवऱ्याला फोन करायचा राहिलाच.

२२ फेब्रुवारी

सासूबाई बॅग भरतायत! आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला चालल्या — कायमच्या. मावशी कधीपासून बोलावतायत म्हणे. मला पत्ताच नाही!

"मग इतके दिवस का नाही गेलात?"

"तुला कशी टाकून जाणार? तो तिकडे, तू इथे एकटी. आता तुझं बस्तान बसलं. मी मोकळी झाले."

मी त्यांच्यासाठी थांबलेली, त्या माझ्यासाठी! हसावं की रडावं कळेना. साड्यांच्या घड्या घालून दिल्या.

२३ फेब्रुवारी

नवऱ्याला कळवलं. केवढा खूश झाला! "आता तर येशील ना? आता कोण अडवतंय?"

"एवढं धूड घेऊन कशी येऊ?" मी पटकन म्हणाले.

आणि मला बरं वाटलं. हे काय झालं मला?