दिवेलागणीनंतरची वायर

आदिलाबाद, १९९९, मंगळवार संध्याकाळ

डोकं फिरलं आज. जिनिंगचं ऑफिस शेठच्या घरातच. तिथल्या कम्प्युटरवर कापसाचे भाव मी टाकते, अन् फोन जोडला की ते वांकिडीच्या कम्प्युटर क्लासातूनही दिसतात. पण दिवेलागण झाली की शेठ फोनची वायरच उपटून ठेवतात! म्हणे, "दिवा लागल्यावर घरातलं बाहेर देत नसतात." भाव का मीठ हाय? लोकं संध्याकाळीच गाड्या भरतात, तवाच त्यायले भाव पाह्यजे. किती सांगितलं! मीच येडी का?

आज शेठ निर्मल गावाले लग्नात. तिथल्या कम्प्युटर क्लासात भाव पाहाले गेले. मग माझ्या घरी फोन करून वरडले, "लागून नाही राह्यलं, काऊन? तुले काही येत नाही!"

वायर शेठाणीनं काढली होती.

म्या म्हटलं, "दिवे लागले ना, शेठ."