पाऊल पडलं की दिवा

मेहकर,
भाद्रपद वद्य पंचमी, १९६४

प्रिय सुलू,

महालक्ष्म्या जेवून, ओटी भरून घेऊन आपल्या घरी गेल्या, गणपतीही गेले, पण आपलं अंगण अजून उकरलेलंच आहे. "या अंगणात पुन्हा पाऊल टाकायचं नाही," असं तुला दोन वर्षांपूर्वी बजावणाऱ्या तुझ्या नानांनीच ते उकरलं. तू जातीबाहेर, नीळकंठरावांशी लग्न केलंस तेव्हापासून तुझं नाव न घेणारा हा विज्ञानाचा मास्तर श्रावणभर काय करत होता ते ऐक.

फाटकापासून दारापर्यंत आपण महालक्ष्म्यांची पावलं काढतो ना, तिथं यंदा त्यांनी लहान लहान फळ्या पुरल्या. प्रत्येकीखाली स्प्रिंग आणि पत्र्याची पट्टी, शेजारी भोकं पाडलेल्या करवंटीत टॉर्चचा बल्ब. सगळ्या तारा मोटारीच्या जुन्या बॅटरीला. फळीवर पाऊल पडलं की तिचा दिवा लागतो, उचललं की विझतो. माझं पुरणयंत्र तेवढं वाचलं, बाकी घरातला एकही डबा झाकणासकट राहिला नाही.

महालक्ष्म्या यायच्या संध्याकाळी सगळी गल्ली बघायला लोटली. मी मुखवटा घेऊन निघाले. पहिला दिवा लागला, दुसरा चुकला, पुढचेही चुकले. शेजारच्या सोजराबाईंचं तेच. त्या म्हणाल्या, "मास्तर, एक फळी जवळ, एक दूर, अशा काऊन ठोकल्या हो?" उकंडराव तर म्हणाले, "मले उड्याच मारा लागते!" पोरांनी खरंच उड्या मारमारून दिवे लावले. सगळे हसले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांच्या वह्या लाल करणारा माणूस, आणि त्याचंच अंतर चुकावं! दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणाले, "बरोबर आहे ते." हट्टी ते हट्टीच.

परवा दिवेलागणीला ते बालाजीच्या देवळात गेले होते. मी फाटक लावायला गेले आणि फळ्यांकडे बघता बघता एकदम तू आठवलीस. लहानपणी तापात तुझा डावा पाय अधू झाला, तेव्हापासून तुझं एक पाऊल लांब पडायचं आणि दुसरं आखूड. शाळेच्या वाटेवर तुझा हात धरून मी किती वर्षं तुझ्यासारखीच चालले गं! माझे पाय ते विसरले नव्हते. मी तशी चालले, सुलू. एक लांब, एक आखूड. एकही दिवा चुकला नाही. थेट दारापर्यंत सगळे लागले आणि मी उंबऱ्यावर बसून पोटभर रडले.

मान वर केली तर नाना फाटकात उभे. कधीचे उभे होते कोण जाणे. वाटलं, आता ओरडतील. "बॅटरी उतरेल," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत आत गेले. तोंडानं 'ये' म्हणणं त्यांना या जन्मी जमायचं नाही. बॅटरी मात्र सायकलवर घालून मोटारस्टँडवरून चार्ज करून आणतात, आणि फळ्या कुणाला काढू देत नाहीत.

आज सकाळी पाहते तर पुन्हा रंधा घेऊन बसलेले. आता आणखी कशाला फळ्या, असं मी विचारलं. खाली बघतच म्हणाले, "नीळकंठराव उंच आहेत का गं? त्यांची ढांग केवढी पडते?" त्यांच्या तोंडून ते नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. मी काय सांगणार? जावयाला मी पाहिलंय कुठं! म्हणून हे पत्र. पण उत्तर लिहून पाठवू नकोस. दोघं मिळून या आणि अंगणात चालून दाखवा.

तुझीच वाट बघणारी,
आई